तोळा आणि दोन गाड्या

त्याला सगळे तोळा म्हणत. अंगानं काडी, उंची बेताची, बोलणंही मोजूनमापून, त्यामुळे नव्या माणसाला वाटे की म्हणूनच हे नाव पडलं असेल. खरं कारण वेगळं होतं. टायरच्या कारखान्यामागे गाड्या तपासायचा एक ट्रॅक होता आणि तिथे तो एकतीस वर्षं गाड्या चालवत होता. एकदा फेरी मारून आला आणि म्हणाला, मागच्या उजव्या टायरात हवा कमी आहे. फिटरनं मोजली तर एका पौंडानं कमी. फिटरनं कपाळाला हात लावला, म्हणाला, या माणसाला तोळाभर फरकही बसल्या जागी कळतो. त्या दिवशी चिकटलेलं नाव मग सुटलंच नाही.

दिवसभर गाड्या पळवायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं शेजाऱ्यांना वाटे. प्रत्यक्षात ते रटाळ काम होतं. तेच वळण, तोच वेग, चाळीस-चाळीस वेळा. मग उतरून सांगायचं, टायर कुठे धरतो, कुठे सोडतो, सोडण्याआधी कळवतो की न सांगता निसटतो. ट्रॅकच्या एका टोकाला काँक्रीटचा मोठा गोल होता. तो पाण्याचे फवारे सोडून सतत ओला ठेवत. तोळ्याची खरी कसोटी तिथे लागे, आणि खरं सुखही त्याला तिथेच मिळे.

गाडीच्या बाबतीत त्याचं मत ठाम होतं. गाडी हलकी हवी. दोन दारं, दोन माणसं, छोटं इंजिन, आणि बाकी जे काढून टाकता येईल ते काढून टाकलेलं. जड गाडी खोटं बोलते, असं तो म्हणे. खाली रस्ता काय करतोय ते ती चालवणाऱ्याला कळूच देत नाही.

हे त्याच्या थोरल्या भावाला झोंबे. दादा अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून धिप्पाड. त्याचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि त्यात एक जुनी मसल कार होती. बॉनेट पलंगाएवढं, आठ सिलिंडरचं इंजिन, चालू केली की कपाटातली भांडी थरथरत. दोघा भावांचं चाळीस वर्षं यावरून चाललेलं. तुझी गाडी म्हणजे खेळणं, दादा म्हणायचा. तुझी गाडी वळत नाही, वळावं की नाही याचा विचार करत बसते, तोळा म्हणायचा. वहिनी आणि तोळ्याची बायको दोघींना हे संवाद तोंडपाठ झाले होते. कोणी अडखळलं तर त्या पुढचं वाक्य सांगत.

तोळा अठ्ठावन्न वर्षांचा झाला त्या वर्षी कारखान्यानं एक नवा टायर काढला. तो दोन प्रकारच्या गाड्यांवर चालायला हवा होता, म्हणून दोन गाड्या समोरासमोर उभ्या केल्या. एक हजार किलोच्या जरा वर भरणारी दोन दारांची छोटी स्पोर्ट्‌स कूपे, दुसरी अठराशे किलोंची मसल कार. दोन्हींची तुलना करून अहवाल द्यायचा होता. सोबत इंजिनिअर मॅडम. वयानं तिशीच्या, हुशार, मांडीवर कॉम्प्युटर. त्या तोळ्याला काका म्हणत.

पहिले तीन दिवस कोरड्या ट्रॅकवर गेले. कूपेत बसला की तोळ्याचा चेहराच बदलायचा. स्टिअरिंग नुसतं मनात आणावं आणि नाक वळलेलं असावं, अशी ती गाडी. रस्त्यावरचा खडा तळहाताला कळायचा. मसल कारचं गणित निराळं. सरळ रस्त्यावर पाय दिला की ती माणसाला सीटमध्ये दाबून धरायची. वळणावर मात्र आधी नाक झुकायचं, मग क्षणभरानं बाकीचं अंग मागून यायचं. पुढच्या टायरांची बाहेरची कड लवकर झिजतेय, हे तोळ्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं.

चौथ्या दिवशी ओला गोल. कूपेनं तिसऱ्याच फेरीला मागचं अंग बाहेर टाकलं. त्यात नवल काही नव्हतं. ती टाकणार हे तोळ्याला आधी कळायचं, आणि हात आपोआप उलटे फिरलेले असायचे. या वेळी हात फिरले, पण गाडी घसरून गेल्यावर. ती दीड गिरकी घेऊन थांबली. आसपास धडकण्यासारखं काही नव्हतंच. मॅडम हसल्या, तोळाही हसला, पाणी जास्त झालंय म्हणाला. पाणी कमी केलं. सातव्या फेरीला पुन्हा गिरकी.

मग मसल कार घेतली. तीही घसरली, पण तिला घसरायलाच वेळ लागायचा. एवढं मोठं धूड, ते सावकाश सुटायचं आणि तितकंच सावकाश जागेवर यायचं. तोळ्यानं वीस फेऱ्या बिनबोभाट काढल्या. संध्याकाळी कागदावर जे उमटलं ते सरळ होतं: नवा टायर जड गाडीवर चांगला, हलक्या गाडीवर धोक्याचा.

तोळा गाडीतून उतरला आणि तिथेच उभा राहिला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यानं उजव्या हातानं दाबून पाहिलं. दुसऱ्याचं बोट दाबावं तसं वाटलं. हे आजचं नव्हतं. काही महिने चाललं होतं. थंडीनं असेल, स्टिअरिंग फार धरल्यानं असेल, अशी तो स्वतःची समजूत घालत आला होता. कूपेनं आज ते तोंडावर सांगितलं होतं, आणि मसल कारनं झाकून घेतलं होतं.

घरी तो काही बोलला नाही. बायको शिवणकाम करायची, लोकांचे कोट उसवून पुन्हा बेतायची, त्यामुळे हाताकडे तिचं लक्ष आधी जाई. शनिवारी सकाळी ती मशीनवरची मान वर न करता म्हणाली, "चार महिने झाले, तुमच्या गळ्याचं बटण मी लावतेय. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. आता विचारते."

तोळ्यानं सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, त्याचा हात हातात घेतला, एकेक बोट चेपत विचारलं, इथे कळतं? इथे? दोन बोटांपाशी तो नाही म्हणाला. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं. कामावर काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा, म्हणाली.

रविवारी तो दादाच्या वर्कशॉपवर गेला आणि गाडीची किल्ली मागितली. दादाच्या हातातला पाना तसाच राहिला. चाळीस वर्षांत धाकट्यानं ती गाडी मागितली नव्हती. पण काही न विचारता तो शेजारी बसला. तोळ्यानं गावाबाहेरच्या वळणांच्या रस्त्यावर गाडी घातली. सुरुवातीला त्याला ती इतर जड गाड्यांसारखीच बहिरी वाटली. मग एका वळणावर त्याचा डावा हात मागे राहिला. गाडी जरा रेंगाळली, आणि स्वतःच सावरून पुढे गेली.

"दादा, तुला खालचं काही कळतं का रे हिच्यात?"

"नाही कळत," दादा म्हणाला. "तुला जे कळतं ते मला कधीच कळलं नाही. माझे हात दहा वर्षांपासून कापतात, तू बघितलं नसशील. मला फक्त घरी पोचायचं असतं. ही पोचवते."

तोळ्यानं खरंच बघितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत तो दादाच्या गाडीकडे बघत आला होता, दादाच्या हातांकडे नाही. त्याला मनातून ओशाळल्यासारखं झालं. ज्याला आपण खोटेपणा म्हणत आलो तो एका माणसाचा आधार होता. पण त्याच वेळी त्याला दुसरंही स्पष्ट दिसलं. आपलं काम पोचायचं नाही. रस्ता काय म्हणतो ते सांगायचं, हे आपलं काम. आणि आता ते आपल्याला पुरतं ऐकू येत नाही.

सोमवारी डॉक्टरकडे जाण्याआधी तो मॅडमच्या टेबलाशी गेला. कूपेचे ओल्या गोलावरचे सगळे आकडे पुसा, म्हणाला.

"का, काका?"

"ते टायरचे नाहीत. माझे आहेत."

मॅडमनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. स्टिअरिंग कधी फिरलं त्याची रेघ होती, आणि तिच्याखाली दोन वर्षांपूर्वीची, दुसऱ्या कामातली रेघ. आताची रेघ बोटभर उशिरा वळली होती. त्यांनी ते शुक्रवारीच पाहिलं होतं. कसं विचारावं ते सुचत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. तोळ्याला राग आला नाही. उलट मनावरचा दगड उतरला.

ओला गोल दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेला. तो चाळिशीचा, जोरकस हाताचा, त्याला सगळे घोडा म्हणत. त्याच्या हाती कूपेनं एकदाही गिरकी घेतली नाही. टायर हलक्या गाडीवरही उत्तम निघाला. तोळा बोलला नसता तर चांगला टायर विनाकारण बदनाम झाला असता.

डॉक्टरनं कोपराशी दबलेली नस सोडवली. शेजारचं बोट हळूहळू जागं झालं, करंगळी कायमची बधिर राहिली. वेगाच्या चाचण्या तोळ्यानं आपणहून सोडल्या. साहेबांनी त्याला शेजारच्या सीटवर बसवलं. घोड्यानं चालवायचं, तोळ्यानं पाठीनं आणि पायानं ऐकायचं आणि सांगायचं. पहिले काही आठवडे वाईट गेले. त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राही, आणि शेजारी परीक्षक बसवल्यासारखं वाटतं म्हणून घोडा कुरकुरे. नंतर दोघांचं जमलं. कधीकधी तर घोडा वळणाच्या मध्यावर नुसता त्याच्याकडे बघे आणि तोळा मान हलवे, तेवढ्यावर काम भागे.

अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन गाड्यांविषयी ड्रायव्हरचं मत, अशी एक जागा होती. एरवी तो तिथे एक ओळ लिहून मोकळा होई. या वेळी त्यानं लिहिलं: हलकी गाडी चालवणाऱ्याची चूक लगेच दाखवते. जड गाडी ती पोटात घालते. कुठली बरी, हे चालवणाऱ्याला विचारावं, आणि त्यानं खरं सांगावं. अहवालात असलं काही बसत नाही, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. मॅडमनी तो मजकूर काढला नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा तीन नवे ड्रायव्हर घेतले. त्यांना तयार करायचं काम तोळ्याकडे आलं. तो त्यांना पहिल्याच दिवशी कूपेत बसवणार, अशी साऱ्यांची खात्री होती. त्यानं किल्ली दिली ती मसल कारची. महिनाभर तीच चालवा, म्हणाला. घोड्यानं न राहवून विचारलं, काका, हे तुम्ही सांगताय? "आधी चुकू देत त्यांना," तोळा म्हणाला, "कळायला मग आयुष्य पडलंय," आणि पुढच्या सीटा नव्यांना देऊन तो पहिल्याच फेरीला मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसला, कारण मसल कार कितीही मोठी असली तरी तिच्यात मागे पाय पसरायला जागा नव्हती.