काकांनी तुरुंगात नेलेली निवडणूक

माझे काका, बाबाराव, गांधीबागेतल्या एका कापड दुकानात ठाणं, म्हणजे कापडाचे अख्खे तागे, उलगडायचे. बोलतानाही त्यांचे हात कापड मोजत असल्यासारखे चालायचे. लांबलचक गोष्ट असली की दोन्ही हात फाकायचे, बारीकशी असली की ती चिमटीत मावायची. काकू वैतागून म्हणायची, ह्यांचे हात बांधले तर हे मुके होतील. खरंच होतं ते.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. माझे बाबा, म्हणजे काकांचे दादा, सव्वा वर्षापासून तुरुंगात होते. आपल्या निवडणुका पुढं ढकललेल्या, सुटकेचा पत्ता नाही. आधी भेटीला गेलो की बाबा चेष्टामस्करी करायचे, पण दसऱ्यापासून ते बोलेनासेच झाले. मागच्या भेटीत तर म्हणाले, "आता नका येऊ." आई घरी येऊन ढसढसा रडली. मी कॉलेजात होते. मला बाबांचा रागच आला.

काकांनी मात्र भलतंच मनावर घेतलं. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती, आणि तिथून रेडिओवर हिंदीत बातम्या लागत. काका रेडिओला कान चिकटवून बसू लागले. बाबांना निवडणुकांचं भारी वेड. हे ऐकवलं तर दादा नक्की बोलेल, असं त्यांनी धरलं होतं. बाई लुगडं बघायला आली तरी तिला अमेरिकेतली राज्यं सांगायचे. तिथं मतं कशी धरतात, मी विचारलं.

"तिथं मीटरनं फाडून नाही देत वं पोरी. राज्यात एका मतानं जरी पुढं गेला, तरी त्या राज्याच्या मतांचं अख्खं ठाण त्याचंच."

इतकं सोपं करून मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं.

निकाल बुधवारी दुपारी कळला. काका दुकान टाकून सायकल हाणत घरी आले. धापा टाकत "खुर्चीवरचा पडला!" एवढंच म्हणाले, म्हणजे सत्तेवरचा अध्यक्षच हरला होता, आणि मग घाबरून स्वतःच खिडकी लावून घेतली. अमेरिकेत आमचं कोण होतं हो? पण आईनं देवापुढं साखर ठेवली. मी तर नाचायचीच बाकी होते.

शुक्रवारी भेट होती; बाबांनी नको म्हटलं होतं तरी आम्ही गेलो. तुरुंगाचा शिपाई घड्याळ बघत दाराशी उभा. घरचंच बोला, राजकारण नको, असं त्यानं बजावलं. काका नम्रपणे म्हणाले, हे इथलं नाहीच, अमेरिकेचं आहे. अमेरिकेबद्दल त्याला कोणी काही सांगून ठेवलं नसावं; तो परत घड्याळ बघू लागला. काका सुरू झाले. हे राज्य याचं, ते राज्य त्याचं. बाबा जमिनीकडेच बघत होते. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"थांब. खुर्चीवरचा पडला काय?"

"पडला, दादा."

"मंग? पोलीस? फौज?"

"काहीच नाही. मतं मोजले, हरला, अन् जिंकला त्याचं अभिनंदन केलं. आता सामान बांधून राहिला असन."

बाबा हसले. मोठ्यांदा, पहिल्यासारखे. मला रडूच फुटलं.

"पयल्यापासून सांग," ते म्हणाले. "एकबी राज्य सोडू नको."

आणि नेमकी तेव्हाच वेळ संपली. काका रडकुंडीला आले. शिपायानं बाहेर डोकावून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि काकांजवळ येऊन हळूच म्हणाला, "सांगा लवकर. मलेबी आयकाचं हाये."