पैकीच्या पैकी
जळक्या केसांचा वास आला की उद्यमबागेतली फाउंड्री आठवते. सुरक्षेचं प्रशिक्षण आधी मोबाइलवर प्रश्नोत्तरांनी, मग प्रत्यक्ष भट्टीपाशी, असं ठरलं होतं. साच्यांच्या कामावरून नुकत्याच भट्टीवर आलेल्या अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. “तूच दाब रं, माझी बोटं स्क्रीनला लागत न्हाईत. लई राठ झाल्यात.” प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडेच होतं, तरी त्यांची उत्तरं मी दाबली, मग बाकीच्यांचीही. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले, म्हणून साहेबांनी भट्टीजवळचा भाग रद्द केला. पुढच्याच आठवड्यात अण्णांनी ओलं भंगार भट्टीत टाकलं आणि पाण्याची एकदम वाफ होऊन वितळलेलं लोखंड त्यांच्या अंगावर उसळलं. अण्णा वाचले नाहीत. चौकशीत साहेबांनी नेमकं ओल्या भंगाराचंच उत्तर दाखवलं. “माहीत असून टाकलं,” म्हणाले. ते उत्तर माझ्या बोटाचं होतं, हे मी चौकशीत सांगितलं नाही आणि अण्णांच्या बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.