गयाबाईंचा पोहरा

नवं बिऱ्हाड शोधत कुणी आमच्या भागात आलं, की गयाबाई त्याला आधी विहिरीचं पाणी पाजायच्या आणि मग पत्ता सांगायच्या. ‘‘पी आदुगर. पानी कळलं की गल्ली कळती,’’ म्हणायच्या. माणूस घाईत असो की साहेब असो, तांब्या हातात आलाच! उंच, काळीसावळी बाई. विहिरीच्या काठावर अशी बसायची, की वाटावं लातूर इथूनच सुरू झालं.

ओढ्याच्या अलीकडे आमची लिंगायत व्यापाऱ्यांची गल्ली, पलीकडे बौद्ध वस्ती आणि मधल्या फरशीच्या पुलाला लागून ही विहीर. बाजारातल्या आडात वस्तीतल्यांना कुणी दोर सोडू देत नसे. म्हणून दीक्षा घेतल्यावर वस्तीनं ती स्वतः खणली. गयाबाई तेव्हा पाट्या उचलत होत्या. ‘‘खडक लागला तवा समदे म्हनले, सोडा. मी म्हनलं, कामून सोडायचं? आनखी घाव घाला.’’ हे सांगताना आत्ताच जमीन फोडायची असल्यासारखा त्यांचा हात वर जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात ओढा खडखडीत वाळला. आमच्या परसातला आड आटला. टँकर येईल तेव्हा खरा. त्या विहिरीला तेवढं पाणी होतं. माझ्या मांडीवर तान्हं पोर, आणि आमच्या सासूबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणत, त्या उरलेलं तांब्याभर पाणी लिंगपूजेसाठी झाकून ठेवत. शेवटी नाइलाजानं आक्का घागर आणि घरचा पितळी पोहरा घेऊन निघाल्या. मी मागे.

गयाबाईंनी घागरीकडे पाहिलं, पोहऱ्याकडे पाहिलं. ‘‘पानी कितीबी न्या, आक्का. घागर तुमची चालंल. पोहरा मात्र आमचाच सुटंल आत.’’

आक्का ताडकन वळल्या. रिकामी घागर घेऊन घरी! मला तर रडूच कोसळलं. संध्याकाळी त्यांची नजर चुकवून मी एकटी गेले. गयाबाईंनी माझी कळशी भरून दिली आणि म्हणाल्या, ‘‘हे लेकराचं हाय, घिऊन जा माय. पर घरचं पानी असं चोरून नगं न्यायचं. ते सासूनं यावं, आमच्या पोहऱ्यानं वढावं. आमी काय भीक घालून ऱ्हायलो का?’’

आक्का दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना गेल्या. पदर नाकापर्यंत. वस्तीचाच पोहरा सोडला, घागर भरली. हळूहळू आमची अख्खी गल्ली तशीच जाऊ लागली. पाहुण्यारावळ्यांना मात्र आक्का ठासून सांगायच्या, ‘‘आम्ही टँकरचंच पितो बाई.’’ हे बोलणं पुलापलीकडे पोचत नसेल का? पण गयाबाईंनी कधी टोमणासुद्धा मारला नाही. एवढी गोष्ट पोटात ठेवून रोज हसून ‘‘बरं हाय का आक्का?’’ विचारायला काळीज किती मोठं लागतं, मला अजून कळलेलं नाही.

पुढे लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, प्लॉट पडले, नळ येणार म्हणून सगळे हरखले. आणि एका सकाळी ओवरसिअर टेप घेऊन आला. नवा रस्ता थेट विहिरीवरून जात होता.

‘‘विहिरीचा मालक कोण?’’ त्यानं विचारलं.

‘‘मालक न्हाई साहेब. पेनारे हायत. त्यानला इचारा.’’ गयाबाई काठावरून उठल्या नाहीत.

वस्तीतली माणसं पुढे झाली. ओवरसिअर म्हणाला, ‘‘एका वस्तीच्या विहिरीपायी जिल्ह्याचा रस्ता वळवायचा? बुजवावीच लागेल.’’

आमच्या गल्लीतले पुरुष बघे म्हणून जमले होते, ते आपापल्या चपला न्याहाळू लागले. त्यातल्या कोणाकोणाच्या घरात या पाण्यात अन्न शिजलं, हे गयाबाईंना तोंडपाठ होतं. एकेकाचं नाव घेतलं असतं तर भागलं असतं. त्यांनी एकाकडेही बोट केलं नाही. विहीर जायची वेळ आली तरी नाही!

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. आमच्या आक्का. डोईवर पदर नीट, चेहरा उघडा. मागे उदगीरहून आलेले त्यांचे भाऊ ‘‘आक्का, आक्का’’ करत होते.

‘‘लिहून घ्या साहेब,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘दुष्काळात हे पाणी मी प्याले. माझ्या लिंगपूजेला हेच होतं. टँकरचं म्हणून सांगत आले, ते खोटं. आणि मी एकटी नाही, ही सगळी गल्ली प्यालीय.’’

भाऊ जागच्या जागी थिजले. मग आमच्यातलाच एकजण खाकरत पुढे आला, मग दुसरा. ओवरसिअरनं हळूच टेप गुंडाळला.

गयाबाईंनी काठावर सरकून जागा केली.

‘‘बसा आक्का. लई उशीर केलात.’’

‘‘हाव,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘लईच केला,’’ आणि त्यांच्या शेजारी टेकल्या.