मॉरीनबाईंच्या शॉनचा वाढदिवस

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट.

झूटरमेर या डच गावी आमच्या खालच्या मजल्यावर मॉरीनबाई राहतात. मूळच्या आयर्लंडच्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची नजर अधू झाल्यापासून रविवारी पूजा आटोपली की मी चहाला जातो आणि मोबाइलवरून वाचून दाखवतो, आजच्या तारखेला आयर्लंडमध्ये कोण जन्मलं, काय घडलं. पूर्वी हे त्यांचे यजमान शॉन वाचायचे.

आज एक कवी निघाला, एक धावपटू, एका पुलाचं उद्घाटन. वाचून संपलं, तरी बाई कान देऊन बसलेल्या.

इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. मघाशी बाईंच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेपुढे मी ‘शॉन’ वाचलं होतं. इथे ज्याचा वाढदिवस त्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करतात. पण माणूस गेल्यावर? मी घुटमळलो. मग वाचनाच्याच सुरात म्हणालो, "आणि आजच शॉन यांचा जन्म."

"हे मोबाइलवर लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"असेल कसं? त्याला साधं अंडं उकडता येत नव्हतं!" बाई हसल्या, डोळे पुसले. "पुन्हा वाच. आधी तो, मग कवी."

मी पुन्हा वाचलं.

आपल्याकडे जयंती थोरांची, घरच्या माणसाचं फक्त श्राद्ध. माझ्या वडिलांची जन्मतारीख तर कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या घरातल्या गेलेल्या कुणाचा आज वाढदिवस आहे का? खाली नाव लिहा. मी मोठ्याने वाचेन.