किल्ल्याच्या गावासाठी अर्धा दिवस

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात कुणाला सहलीला जायचं असलं की वेळापत्रक माझ्याकडून करून घेतात. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त ठिकाणं उरकण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. अष्टविनायक मी दीड दिवसात बसवलेत. वढूला समाधीपाशी वीस मिनिटं, त्यात चपला काढणं-घालणं धरून. गड असला तर चढाई, दर्शन, फोटो, उतार, खाली पिठलं-भाकरी, आणि तीनच्या ठोक्याला जीप सुटलीच पाहिजे. एकदा ती इतकी वेळेवर सुटली की माझे सख्खे चुलते मागं रसाच्या गुऱ्हाळावर ग्लास हातात घेऊन उभेच राहिले. ते माझ्याशी बोलतात अजून, पण माझ्या जीपमध्ये बसत नाहीत.

ही फुशारकी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जी माती खाल्ली ती असलाच माणूस खाऊ शकतो.

माझी एकुलती एक लेक जपानात असते. जावई तिथं इंजिनियर. गाव जुनं, किल्ल्याचं. मधोमध काळ्या लाकडाचा, एकावर एक छपरं चढवलेला किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, आणि खंदकापासून दोन गल्ल्या सोडून यांचं भाड्याचं घर. मागच्या वर्षी तिला पाचवा महिना असताना बाळ पोटातच गेलं. आम्ही जाऊ शकलो नाही, आमच्याकडं पासपोर्टच नव्हते. फोनवर ती रडायची आणि मी इकडून "जेवलीस का?" एवढंच विचारायचो. त्या दिवसांत ती रोज एकटी खंदकाला फेऱ्या मारायची, हे तिनं आम्हाला फार उशिरा सांगितलं.

यंदा आम्हा नवरा-बायकोचे पासपोर्ट आले. कारेगावच्या कारखान्यात मी माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. तिथून अकरा दिवसांची रजा काढली. व्हिसाचं काम शिरूरच्या एका चाचांकडं दिलं. ते एरवी लोकांना उमऱ्याच्या यात्रेला पाठवतात, जपानचं गिऱ्हाईक त्यांना पहिलंच. त्यांनी माझ्यापुढं एक कागद टाकला. प्रत्येक दिवसाला एक ओळ: कुठं जाणार, काय करणार, मुक्काम कुठं.

तो कागद बघितला आणि माझ्या अंगात आलं.

अकरा दिवसांत मी सात शहरं बसवली. धावती गाडी, देऊळ, मनोरा, पुन्हा गाडी. लेकीच्या गावापुढं रकाना आला तेव्हा जरा थांबलो, मोबाइलवर शोधलं. किल्ला एकच. मग हिशेब सोपा. सकाळी दहाला पोच, किल्ला, दुपारचं जेवण स्टेशनजवळ, तीनला पुढची गाडी. अर्धा दिवस.

चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "लेकीचंच गाव ना हे? न्हाई, मी आपलं इचारलं."

"चाचा, किल्ला केवढा आन् त्याला येळ किती द्यायचा? पुढं अजून पाच शहरं हायती."

कागदाचा फोटो काढून मोठ्या ऐटीत लेकीला पाठवला. खाली लिहिलं, "बघ तुझ्या बापाची करामत." दोन निळ्या खुणा उमटल्या.

रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, कामात असेल. तिसऱ्या दिवशी मी लावला, तिनं उचलला नाही. चौथ्या दिवशी जावयाचा आला, तोही चोरून बोलल्यासारखा.

"मामा, रागवू नका. ती म्हणती, येऊच नका म्हणावं."

"आवो, पण झालं काय?"

जावई आवाज आणखी खाली आणत म्हणाले, "ती म्हणाली, माझ्या घरात मूल न्हाई ना, म्हणून अर्धा दिवस. बाटलीतलं पाणी तेवढंच पुरतं."

ही बाटली काय ते सांगायला हवं. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. जपानच्या आधी, लग्न होऊन ती दौंडला सासरी नांदायला गेली, तेव्हा मी ती मोठ्या दिमाखात पाळली. जाताना घरून पाण्याची बाटली न्यायचो. विहीणबाईंनी तांब्या पुढं केला की मी बाटली उंच करून दाखवायचो. सगळे हसायचे. लेकही हसायची. निदान मला तसं दिसायचं.

शपथेवर सांगतो, कागद भरताना माझ्या डोक्यात बाटली नव्हती. नुसता किल्ला होता. पण मग मुक्कामाच्या रकान्यात लेकीचा पत्ता एकदाही का नाही? दहा मुक्काम आणि दहाच्या दहा हॉटेलं. तिच्या गावात असताना जेवण कुठं, तर स्टेशनजवळ. हे कुणी लिहिलं? मी कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि अक्षर माझंच होतं.

बायकोला सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"ती तिथं एकटी फिरत हुती तवा आपुन न्हवतो. आता जायाचं, तर तुमी तिला जीपच्या सहलीतल्या देवावानी उरकताय व्हय? मला न्हाई बघायचा किल्ला. मला कायबी न्हाई बघायचं. मला ती बघायचीय."

"मी लिहितो तिला."

"आजून लिवा! लिवूनच ही पाळी आनली."

तरीही लिहिलं. अकरा मेसेज. चूक झाली, समजून घे, तुझी आई जेवत नाही. नुसत्या निळ्या खुणा. त्या नादात कारखान्यात एक ट्रक चुकीच्या दिशेला रवाना केला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चाचा सोमवारी कागद घेऊन पुण्याला व्हिसाच्या कचेरीत जाणार होते. न्यायचे की फाडायचे, तेही मला सांगता येईना.

शनिवारी सुट्टी होती. मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून दौंड गाठलं. कशासाठी ते वाटेत धड ठरलंही नव्हतं. विहीणबाई दारातच भेटल्या. मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "पाणी द्या."

त्या माझ्या हातांकडं बघत राहिल्या. "आज बाटली न्हाई आनली, भाऊ?"

"न्हाई."

"सा वर्सं आनली. आज कसली तहान लागली?"

मी नुसता हात पुढं केला. त्या आत गेल्या, तांब्या-भांडं घेऊन आल्या. मी प्यायलो. पाणी जड होतं, बोअरचं. आणखी मागितलं. तिसऱ्या भांड्याला ठसका लागला, नाकातून पाणी आलं, आणि त्या अवस्थेत मी त्यांच्या हातात मोबाइल देऊन म्हणालो, "फोटो काढा."

"येड लागलं का हो तुमाला?" त्या म्हणाल्या, पण काढला. मग पदर सारखा करत हळूच बोलल्या, "मला सांगायचं न्हवतं. पर तुमी गेल्यावर ती तो तांब्या घासायची. भरलेला, कुनी न पिलेला तांब्या. उगंच घासत बसायची."

फोटो पाठवला. ओला शर्ट, लाल डोळे, हातात भांडं. पुन्हा नुसत्या निळ्या खुणा. तिथंच ताट आलं, जेवलो.

रविवारी चाचांच्या घरी जाऊन कोरा कागद मागितला. अकराही दिवस त्याच गावाचं नाव लिहिलं. मुक्काम: लेकीचं घर, दहा वेळा. पुढं 'काय करणार' हा रकाना. पहिल्या ओळीत लिहिलं, लेकीच्या घरी. दुसऱ्या ओळीत लिहिलं, लेकीच्या घरी. चाचा थांबवायला लागले.

"आरं, तिथला साहेब इचारंल, हा मानूस आकरा दिस करतोय काय?"

"बसनार हाय."

"नुसता?"

"पानी पिनार हाय."

अकरा ओळी भरल्या. फोटो काढला. या वेळी खाली काहीच लिहिलं नाही, ऐट तर नाहीच. पाठवला आणि मोबाइल चाचांच्या टेबलावर पालथा ठेवला, कारण बघवत नव्हतं.

थोड्या वेळानं तो थरथरला. चाचांनीच उलटा करून माझ्यापुढं धरला.

"आप्पा, एक दिवस तरी किल्ला लिहा. नाहीतर व्हिसा देणार नाहीत."

डोळे पुसायला रुमाल शोधला, नव्हता. बाहीनं पुसले. मग सवयीप्रमाणं घाबरत घाबरत विचारलं, "किल्ल्याला किती वेळ धरू?"

टायपिंग चालू असल्याची खूण बराच वेळ येत राहिली, जात राहिली. चाचांनी सोमवारी कागदांसोबत नेलेले पासपोर्ट अजून पुण्यातच आहेत, आणि व्हिसाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. पण तिचं उत्तर मी कागदावर उतरवून घेतलंय.

"अर्धा दिवस. जेवायला घरी यायचं."