मुळांचं पाणी

खाला माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे; पायांकडे बघे. दारात दूधवाला उभा असो की तहसिलीचा चपराशी, तिची नजर घोट्यापासून सुरू व्हायची, बोटांवरून फिरायची आणि मग कुठं सावकाश वर यायची. तोंडं ती विसरे, पाय विसरत नसे. "मास्तरीनबाई, काल तुमच्याकडं ते डाव्या टाचेला भेग असलेलं पाव्हनं आल्तं ना," असं ती विचारी, आणि आम्ही पाहुण्याची टाच आठवत बसायचो.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना यातली भीती कळायची नाही. आमच्याकडे तेव्हा नारू होता. पायावर आधी फोड यायचा, त्याची आग आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकं काढायचा. जिवंत दोरा, हातभर लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. घाई झाली आणि तुटला, की पाय सुजायचा, आणि कधी कधी माणूसही हाती लागायचं नाही. खाला त्याचं नाव घेत नसे. 'धागा' म्हणे, तेही आवाज उतरवून. एकदा मी सरळ नारू म्हणाले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

चौसाळ्याजवळचं ते एक खेडं. आमच्या यांची तिथल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर म्हणून बदली झाली आणि खालाच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला. सासूबाईंना मुसलमानाच्या घरात बिऱ्हाड करणं मुळीच पसंत नव्हतं. पण गावात दुसरी जागा नव्हती, मधे भिंत होती, चूल वेगळी होती. त्यांनी नाक मुरडून सामान लावलं.

आलो ते भर उन्हाळ्यात, बैलगाडीने. वेशीबाहेरच्या बारवेपाशी गाडीवानाने बैल सोडले. आमच्या तांब्यातलं पाणी उन्हाने कढत झालेलं. आमची यमी तेव्हा नुकती नीट बोलू लागली होती. तिने थंड पाण्याचा हट्ट धरला आणि गाडीवानाने तिला पायऱ्या उतरवून ओंजळीने पोटभर पाजलं. दारात खालाने आमचे सगळ्यांचे पाय पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "बच्चीनं पानी कुठं पिलं?"

मी सांगितलं. खाला उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय न्हाई. पुढल्या उन्हाळ्यापातूर वाट बघायची. आज पिलेलं पानी पुढल्या सालाला पायातून निघतं, बाई."

यांनी ते हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून यमीला न्हाऊ घालताना मीही तिच्या पायांकडे खालासारखी बघू लागले, आणि ती सवय म्हातारपणीही सुटलेली नाही.

खालाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते सोसलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा बशीर. त्याच्या घोट्याला धागा निघाला. आग सोसवेना तसा तो धावत जाऊन बारवेत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. गार पाण्यात बरं वाटतं म्हणून रोज जाऊ लागला. पुढे धागा तुटला, पाय सुजला, पोर गेलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत घरोघरी पाय बांधलेली माणसं. "माझ्या लेकानं पाय बुडवले, ते सगळी गल्ली पिली," असं ती सांगे, आणि सांगताना स्वतःच्या तळहातांकडे बघे. हकीम याला गरमी म्हणत, वैद्य वात म्हणत, कुणी देवीचा कोप म्हणे. खाला वाद घालत नसे. "तुमी म्हना काय बी. मी बघितलंय."

तिचा नवरा हयात असताना कुण्या जहागीरदाराच्या बागेत माळी होता. तिथं कारंज्याच्या हौदात गाळ उतरू नये म्हणून पाणी वाळ्याच्या वाफ्यातून फिरवत, ते तिने पाहिलं होतं. बशीर गेल्यावर तिने आपल्या परसात तेच केलं. वरच्या अंगाला एक दगडी डोणी होती. बारवेचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ती डोणीत ओती. तिथून ते एका लांब चरात उतरे. चरात खाली गोटे, वर नदीची वाळू, आणि त्यात दाटीने लावलेला वाळा, लव्हाळा, पाणकणीस. त्या मुळांमधून झिरपत झिरपत पाणी शेवटी हौदात पाझरे. हौदावर कमळाची पानं पसरलेली असत आणि खाली बोटभर मासोळ्या फिरत.

परसातल्या त्या हौदापाशी इतर बायका असत्या तर फुलं बघत बसल्या असत्या. खाला मुळं बघे. मधूनच वाळ्याचं एक ठोंब उपटून उन्हात धरी. "मुळं गोरी हाईत तंवर पानी खरं. काळी पडली की वाळूचा दम गेला." मग ती सगळी वाळू उपसून, धुऊन, वाळवून पुन्हा भरी, कंबर धरली तरी. गावातल्या बायका निवळीची बी उगाळून पाणी नितळ करत आणि तिला हसत. ती म्हणे, "साफ दिसतंय म्हनून साफ न्हाई. चोर बी आंघूळ करूनच येतो."

तिने पहिल्याच दिवशी आम्हाला हौदाचं पाणी देऊ केलं. सासूबाई कडाडल्या, "तिच्या हातचं पाणी या घरात येणार नाही. माझ्या पायाला दोनदा निघाला, मेले का मी?" मी रडकुंडीला आले. यमी एकदा प्याली होती. आता रोज तेच पाणी तिला पाजायचं?

भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला. "हाताचं कुठं देते? मुळांचं देते. वाळ्याची जात कोनती, ते तुमच्या भटजीला इचारा!"

सासूबाईंनी खरंच विचारलं. भटजी ओसरीवर पाय लांब करून बसले होते, पायाला चिंधी बांधलेली, चिंधीतून काडी डोकावत होती. त्यांनी बराच वेळ त्या काडीकडे पाहिलं आणि निवाडा दिला, की जमिनीतून झिरपून आलेलं पाणी ते भूमीचं. त्याला स्पर्शदोष नाही. मग खालाने भिंतीच्या बुडाशी भोक पाडलं, चर आमच्या बाजूला वाढवला आणि त्याच्या शेवटी लहानसं दगडी कुंड बसवलं. तिकडे ती डोणी भरी, इकडे आमचं कुंड पाझरे. चार दिवसांनी भटजींचा तांब्याही आला. शास्त्र आणि तहान यांची अशी गोडीगुलाबी मी पुन्हा पाहिली नाही.

सासूबाईंनी मात्र आपली एक तांब्याची कलशी वेगळी ठेवली. ती त्या स्वतः पहाटे सोवळ्याने बारवेवरून भरून आणीत. पूजेला तेच पाणी आणि त्यांच्या पिण्यालाही तेच. गाळा म्हटलं तर म्हणत, "देवाच्या पाण्याला गाळणं कसलं?" आम्ही बाकीचे मुळांचं पाणी पीत होतो. त्याला वाळ्याचा मंद वास यायचा.

पण आधी प्यालेल्या त्या ओंजळीचं काय? वर्षभर ती ओंजळ माझ्या मानेवर बसून होती. पावसाळा गेला, थंडी आली, यमी अंगणभर हुंदडत होती, आणि मी आणि खाला तिच्यामागे पाय बघत फिरत होतो. थंडी सरता सरता यमी एक दिवस लंगडत आली. टाचेवर फोड. मी तिला उचलून खालाकडे धावले, सोवळंओवळं काही न बघता. खालाने सुई चुलीत धरली, यमीची टाच मांडीवर घेतली. मग तिने सुई खाली ठेवली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. पुन्हा उचलली. फोड फुटला आणि आतून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. खाला ते टोक नखावर घेऊन हसत सुटली, आणि हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला. मी तर मोठ्यानेच रडले.

दुसरा उन्हाळा आला. गावात पाय बांधले जाऊ लागले. न्हाणीत यमीचे पाय मी पुन्हा पुन्हा धुवी. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. शेवटी आभाळ भरून येऊ लागलं, पेरण्यांची बोलणी सुरू झाली, आणि एका दुपारी खालाने यमीचे दोन्ही पाय हातात घेऊन नीट चाचपले. "सुटली," ती म्हणाली. "बाई, तुमची पोरगी सुटली."

सासूबाई दारात उभ्या होत्या. नात त्यांचीही होती, आणि त्या वर्षभर बोलल्या नसल्या तरी देवासमोर नंदादीप कशासाठी जळत होता ते मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "खाला, अशा रिकाम्या तोंडी परत जाऊ नका. वर या. गूळपाणी घ्या." आमच्या ओट्यावर खाला त्या दिवशी पहिल्यांदा बसली.

मी गूळ फोडायला आत गेले. वाटी घेऊन बाहेर आले तर खालाच्या दोन्ही हातांत आमचं पितळेचं फुलपात्र होतं. ती त्यात बघत होती. मग तिने दाराशी ठेवलेल्या तांब्याच्या कलशीकडे पाहिलं, सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पायांकडे नव्हे, तोंडाकडे. "बिस्मिल्ला," म्हणाली आणि एका दमात सगळं पाणी प्याली.

ती गेल्यावर सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "देवाच्या कलशीतलं दिलं हो तिला. तिच्याच चरातलं तिलाच काय द्यायचं? घरी आलेल्या माणसाला आपल्याकडचं चांगलं ते द्यावं." माझ्या हातातली वाटी पडली.

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेले. "खाला, तुम्हाला कळलं होतं ना? मग का प्यालात?"

ती वाळ्याची पातं सारखी करत होती. "या घरात लई बिऱ्हाडं ऱ्हाऊन गेली, बाई. चांगली मान्सं. पर पानी कुनी इचारलं न्हाई. आज तुमच्या सासूनं आपल्या हातानं दिलं. न्हाई म्हनले असते तर पुन्यांदा दिलं असतं का?" मग म्हणाली, "भ्या तर लई वाटलं. आता बी वाटतंय. पर तिला सांगू नगा. कसम हाय तुमाला यमीची."

पुन्हा एक वर्ष सुरू झालं. या वेळी खाला स्वतःचे पाय बघत होती. बोलता बोलता तिचा हात घोट्यावर जाई आणि मला दिसलं की झटकन मागे येई. सासूबाई आणि ती आता ओट्यावर बसून गप्पा मारत. मी आधीच कुंडातलं पाणी पुढे करून ठेवी. एका घोटाने काय होतंय, असं मी आणि खाला एकमेकींना सांगत होतो, आणि दोघींपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

भर उन्हाळ्यात तिच्या उजव्या घोट्यावर फोड आला. त्या वेळी मात्र काटा नव्हता.

आग सुरू झाली तशी तिने मला बोलावलं. खाट तिने हौदापासून लांब, परसाच्या पार दुसऱ्या टोकाला ओढून घेतली होती. ओढणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "कंबर खाटेला बांधा, बाई. गाठ मागून मारा, माझा हात पोचू नये. ताप चढला की बशीरवानी मी बी पान्याकडं पळंल. त्या हौदाचं पानी तुमची यमी पिते." मी बांधलं. ती त्या खाटेवरून दिवसभर हौदाकडे बघत असे. पाण्यावर कमळाची पानं हलत, आणि तिचा पाय अंथरुणावर चोळला जाई. असं भय मी पुन्हा पाहिलं नाही, आणि अशी हिंमतही.

सासूबाई त्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेल्या. त्यांना दोनदा निघालेला, काडी धरण्याचा हात त्यांना होता. खालाचा पाय मांडीवर घेऊन त्या हलक्या हाताने धागा गुंडाळत बसत. एकदा म्हणाल्या, "तुम्ही इतक्या जपणाऱ्या, खाला. असलं पाणी प्यालात तरी कुठं?"

खालाने माझ्याकडे पाहिलं. "याद न्हाई, आक्का. तहान लागली व्हती."

इतकं जपूनही धागा तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. बीडहून डॉक्टर आणायला हे गेले. ते येण्याआधीच खाला गेली. महिनाभर तिने त्या पायाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता.

न्हाऊ घालायला तिच्या नात्यातल्या बायका आल्या. कुठलं पाणी घ्यायचं, असं त्या विचारत होत्या, तेव्हा सासूबाई देवघरातली कलशी घेऊन आल्या. देवाचं पाणी त्यांनी तुळशीला ओतलं, कलशी कुंडातल्या मुळांच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि भिंतीवरून पलीकडे दिली. "पायांना हेच घाला," म्हणाल्या.

रिकामी कलशी परत आली. सासूबाई ती पोटाशी धरून ओट्यावर बसल्या, डोळे पुसत. "एवढी जपणारी बाई," त्या म्हणाल्या, "कुठं प्याली असेल गं?"

मी कलशी त्यांच्या हातातून घेतली आणि आत नेऊन पालथी घातली.