काट्यावरची अडेल फाइल

समस्त जिल्ह्यास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की सिरसाळ्याच्या रस्त्यावरील आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, एक फाइल रोज दुपारी पटांगण ओलांडण्यास साफ नकार देत असे.

फाइल कापसाच्या वजनांची. वजनकाट्याच्या खोलीत एक कंप्युटर, पटांगणापलीकडे ऑफिसात दुसरा, मधे तार. गावोगाव कंप्युटर येऊ लागले होते. मालकांनी हौसेनं दोन आणले आणि ते चालवायला मला ठेवलं. हंगामापुरतं, जमलं तर कायम. मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की फ्लॉपी घेऊन कुणी पळायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत काट्यावरचा कंप्युटर आपणहून फाइल ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकेल. आज्ञा लिहिल्या, वेळ लावून दिली.

मी खुर्चीत असलो की फाइल जाई. जेवायला उठलो की जात नसे.

"तुमचं यंत्र तुमचं तोंड बघून काम करतं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "डबा घेऊन तितंच बसा की."

"उपाशी राहीन, पण तिथं बसणार न्हाई."

"मंग शनिवारपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर यंत्रं परत, आन तुमीबी."

मीही हट्टाला पेटलो. कंप्युटरला म्हटलं, अडलास की तक्रार लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं: रस्ता सापडत नाही. मी खुर्चीत टेकलो आणि हसत सुटलो. मॅनेजरसाहेबांचा नियमच होता, खुर्ची सोडताना कपाटाची किल्ली जमा करायची. कंप्युटर आल्यावर त्यात लॉग-ऑफची भर पडली. मी इमानदारीनं लॉग-ऑफ करून जेवायला जाई, आणि फाइलचा ऑफिसकडे जायचा रस्ता, म्हणजे मी माझ्या नावानं जोडलेला झेड ड्राइव्हही, माझ्याबरोबर जेवायला येई.

नियम सैल करा म्हणून विनवणी करणाऱ्यांतला मी नव्हे. आज्ञेतला झेड खोडून तिथं ऑफिसच्या फोल्डरचा अख्खा पत्ता घातला. पुढची तक्रार आली: ॲक्सेस डिनाइड. रस्ता सापडला, पण आत घेईनात. घेतील कसे? मी लॉग-ऑफ केल्यावर ते काम कुणाच्याच नावावर चालत नव्हतं, आणि ऑफिसचा कंप्युटर बेवारशाला दार उघडत नव्हता. मग दोन्हीकडे एकाच पासवर्डचा नवा वापरकर्ता तयार केला, नाव ठेवलं 'काटा'. त्याला त्या फोल्डरात लिहायची मुभा दिली आणि काम त्याच्या नावावर लावलं.

शनिवारी दुपारी मी लॉग-ऑफ केलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली मॅनेजरसाहेबांच्या हातात ठेवली आणि त्यांना खिडकीतून नीट दिसेन असा पटांगणात निंबाखाली डबा उघडून बसलो. भाकरी मुद्दाम सावकाश मोडत होतो.

थोड्या वेळानं साहेब दारात आले. फाइल आली होती. त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग माझ्या डब्याकडे, आणि पटांगणभर ऐकू जाईल असं बोलून गेले:

"मंग आता तुमाला कायम कशाला करायचं?"